इंग्रजी लिहिताना पॅसिव्ह व्हॉइस कधी वापरायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेत आपल्याला व्हॉइस बदलायला शिकवतात. ॲक्टिव्ह दिलं की पॅसिव्ह करा, पॅसिव्ह दिलं की ॲक्टिव्ह करा. लिहायला बसलं की मात्र कोणी वाक्य बदलायला देत नाही. दोन्हीतलं एक आपलं आपणच निवडायचं असतं. त्या निवडीबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे आहेत. ईमेल, अहवाल, प्रबंध, अर्ज, लेख असं काहीही इंग्रजीत लिहिणाऱ्यांसाठी.

आधी हे सांगा, पॅसिव्ह ओळखायचा कसा?

'टू बी'चं एखादं रूप आणि त्यापुढे क्रियापदाचं तिसरं रूप: 'वॉज सेंट', 'हॅज बीन अप्रूव्ह्ड', 'विल बी प्रिंटेड'. ज्याच्यावर क्रिया होते ते वाक्याच्या तोंडाशी येतं आणि जो क्रिया करतो तो 'बाय' लावून मागे जातो किंवा येतच नाही.

नुसतं 'वॉज' दिसलं म्हणून वाक्य पॅसिव्ह होत नाही. 'शी वॉज रायटिंग' हे चालू भूतकाळातलं साधं ॲक्टिव्ह वाक्य आहे. 'ही वॉज अँग्री' यात तर क्रियाच नाही, फक्त स्थिती आहे.

एक गमतीशीर चाचणी आहे: क्रियापदाच्या पुढे 'बाय झॉम्बीज' जोडून बघा. 'द लेटर वॉज सेंट बाय झॉम्बीज' हे वाक्य म्हणून बसतं, म्हणजे मूळ वाक्य पॅसिव्ह. 'शी वॉज रायटिंग बाय झॉम्बीज' बसत नाही. ('बाय'चा अर्थ 'शेजारी' असा घेतला तर बसतं, पण मग तो वेगळा सिनेमा झाला.)

काही वाक्यं दोन्हीकडे झुकतात. 'द डोअर वॉज क्लोज्ड' म्हणजे दार बंद होतं की कोणीतरी बंद केलं? पुढे 'ऑल डे' आलं तर स्थिती, 'ॲट नाइन' आलं तर क्रिया. अशा वाक्यांवर वाद घालत बसू नका.

मराठीतला कर्मणी प्रयोग म्हणजेच पॅसिव्ह व्हॉइस ना?

नाही, आणि इथला गोंधळ आधी निस्तरायला हवा, कारण बऱ्याच चुका इथूनच जन्म घेतात.

'मीनाने चिठ्ठी लिहिली' हा मराठीत कर्मणी प्रयोग आहे. क्रियापद चिठ्ठीप्रमाणे चालतं. पण इंग्रजीत हेच वाक्य 'मीना रोट अ नोट' असं सरळ ॲक्टिव्ह होतं. मराठी वाक्यातही मीना पहिल्याच जागी ठामपणे उभी आहे. इंग्रजी पॅसिव्हच्या जवळ जाणारं मराठी वाक्य म्हणजे 'चिठ्ठी लिहिली गेली' किंवा 'चिठ्ठी लिहिण्यात आली'. तेव्हा व्याकरणातल्या नावांची जोडी लावून भाषांतर करू नका.

दुसरा घोळ याहून नकळत होतो. मराठीत फोडणे आणि फुटणे, तोडणे आणि तुटणे, पाडणे आणि पडणे अशा जोड्या आहेत. काच फुटली, फांदी तुटली, भिंत पडली. कोणी केलं हे न सांगता काम भागतं. इंग्रजीत काही क्रियापदांना हे जमतं: 'द ग्लास ब्रोक' बरोबर आहे. पण सगळ्यांना जमत नाही. म्हणून 'फाइल जोडली आहे'चं 'द फाइल हॅज अटॅच्ड' होतं आणि 'अर्ज जमा झाला'चं 'द फॉर्म हॅज सबमिटेड' होतं. दोन्ही चूक. इथे पॅसिव्हच हवा: 'हॅज बीन अटॅच्ड', 'हॅज बीन सबमिटेड'. ते मधलं छोटंसं 'बीन' गळतं आणि फॉर्मच स्वतःला जमा करतो.

उलटी चूकही तितकीच पाहायला मिळते: 'ॲन ॲक्सिडेंट वॉज हॅपन्ड'. 'हॅपन'ला कर्मच नाही, त्यामुळे त्याचा पॅसिव्ह होऊच शकत नाही. अपघात घडतो, त्याला कोणी 'घडत' नाही. 'ॲन ॲक्सिडेंट हॅपन्ड', संपलं.

मग ॲक्टिव्ह की पॅसिव्ह, हे ठरवायचं कशावरून?

वाचणाऱ्याची नजर आत्ता कशावर आहे, यावरून. ज्याच्याविषयी बोलणं चालू आहे ते वाक्याच्या सुरुवातीला ठेवा. ते क्रिया करणारं असेल तर वाक्य आपोआप ॲक्टिव्ह होईल, क्रिया सोसणारं असेल तर पॅसिव्ह. व्हॉइस आधी ठरवून वाक्य रचायचं नसतं. वाक्याचा विषय ठरला की व्हॉइस मागून येतो.

एक उदाहरण जवळून बघू. समजा तुम्ही पेनिसिलिनवर परिच्छेद लिहिताय:

'पेनिसिलिन वॉज डिस्कव्हर्ड बाय अलेक्झांडर फ्लेमिंग इन १९२८. इट वॉज प्युरिफाइड मोअर दॅन अ डिकेड लेटर ॲट ऑक्सफर्ड, अँड वॉज बीइंग मास-प्रोड्यूस्ड बाय १९४४.'

दोन वाक्यांत तीन पॅसिव्ह, आणि तरी कुठे अडखळायला होत नाही. कारण तिन्ही क्रिया पेनिसिलिनच्याच वाट्याला येतात आणि वाचक एकाच वस्तूबरोबर पुढे चालतो. आता नियम पाळायचा म्हणून हे ॲक्टिव्ह करा: 'अलेक्झांडर फ्लेमिंग डिस्कव्हर्ड पेनिसिलिन. अ टीम ॲट ऑक्सफर्ड प्युरिफाइड इट. ड्रग कंपनीज वेअर मास-प्रोड्यूसिंग इट बाय १९४४.' प्रत्येक वाक्यात नवा माणूस आत येतो, आणि पेनिसिलिन बिचारं तीनदा मागच्या बाकावर. (जाता जाता: 'बाय १९४४' मधला 'बाय' कर्ता दाखवत नाही, 'पर्यंत' असा अर्थ देतो. 'बाय' दिसला की पॅसिव्ह, असं समजू नका.)

पण परिच्छेद फ्लेमिंगवर असेल तर? 'इन सप्टेंबर १९२८ फ्लेमिंग रिटर्न्ड फ्रॉम अ हॉलिडे अँड नोटिस्ड मोल्ड ऑन वन ऑफ हिज प्लेट्स. ही पब्लिश्ड हिज फाइंडिंग्ज इन १९२९.' इथे ॲक्टिव्हच. आणि गंमत अशी की याच परिच्छेदात पुढे 'ही वॉज नाइटेड इन १९४४' हा पॅसिव्ह बरोबर बसतो. सर ही पदवी त्याला राजाने दिली, पण गोष्ट राजाची नाही, फ्लेमिंगची आहे.

अजून एक बारकावा: मागच्या वाक्याच्या शेवटाला जे आलं, ते पुढच्या वाक्याच्या तोंडाशी घेतलं की लिखाण सांधल्यासारखं वाटतं. 'फ्लेमिंग पब्लिश्ड हिज फाइंडिंग्ज इन १९२९. दे वेअर टेकन अप अ डिकेड लेटर ॲट ऑक्सफर्ड.' 'फाइंडिंग्ज'वर थांबलेली नजर 'दे'वर लगेच उचलली जाते. हे सांधणं पॅसिव्हशिवाय इतकं सहज झालं नसतं. चांगले लेखक पॅसिव्ह सगळ्यात जास्त याच कामासाठी वापरतात, आणि व्याकरणाच्या पुस्तकांत नेमकं हेच कारण शेवटी कुठेतरी एका ओळीत येतं.

कर्ता माहीतच नसेल तर?

पॅसिव्ह. 'माय बाइक वॉज स्टोलन' म्हणा. 'समवन स्टोल माय बाइक' चूक नाही, पण त्या 'समवन'ने वाचकाला काहीच मिळत नाही. कर्ता उघड असेल तेव्हाही हेच: 'ही वॉज अरेस्टेड' म्हटलं की पोलिसांनीच, हे वेगळं सांगायला नको.

'बाय' लावून कर्ता द्यायचा की सोडून द्यायचा?

बहुतेक वेळा सोडून द्या. इंग्रजीत प्रत्यक्ष लिहिल्या जाणाऱ्या पॅसिव्ह वाक्यांपैकी बहुसंख्य वाक्यांत 'बाय' नसतोच. शाळेच्या सरावामुळे मात्र आपल्या हाताला 'बाय मी', 'बाय हिम', 'बाय देम' अशी सवय लागते. 'द रिपोर्ट वॉज प्रिपेअर्ड बाय मी' हे वाक्य व्याकरणाने बरोबर आणि कानाला विचित्र. 'आय प्रिपेअर्ड द रिपोर्ट' म्हणा की!

'बाय' शोभतो तो कर्ता हीच बातमी असते तेव्हा, किंवा कर्ता लांबलचक असतो तेव्हा. 'द लेटर वॉज साइन्ड बाय ऑल द टीचर्स हू हॅड लेफ्ट द स्कूल ड्युरिंग द प्रीव्हियस यिअर.' हेच ॲक्टिव्ह केलं तर वाचकाला ती सगळी लांबण ओलांडून मग 'साइन्ड द लेटर' गाठावं लागेल. इंग्रजी वाक्याला जड गोष्ट शेवटी ठेवलेली आवडते.

'पॅसिव्ह टाळा' असं सगळे सांगतात. मग ते चूक का?

सल्ला पूर्ण चूक नाही, पण अर्धवट आहे. जॉर्ज ऑर्वेलने १९४६ साली राजकारण आणि इंग्रजी भाषा या विषयावरच्या निबंधात लिहिलं की ॲक्टिव्ह चालत असेल तिथे पॅसिव्ह कधीही वापरू नका. तो नियम आजही लेखनाच्या वर्गांतून फिरतो. पण त्याच निबंधात लोक पॅसिव्ह फार वापरतात अशी तक्रार करणारं त्याचं वाक्य स्वतःच पॅसिव्ह आहे! त्यात त्याचा ढोंगीपणा नव्हता. तिथे पॅसिव्ह हाच विषय होता, म्हणून तो पुढे आला, इतकंच.

१७७६ चा अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा घ्या. 'ऑल मेन आर क्रिएटेड ईक्वल' हे त्यातलं सर्वांत गाजलेलं वाक्य पॅसिव्ह आहे. त्याला ॲक्टिव्ह करून बघा, सगळा जोर निघून जातो.

सल्ला देणाऱ्यांचा राग खरं तर एका विशिष्ट प्रकारच्या गद्यावर असतो: एकामागून एक पॅसिव्ह, एकाही वाक्यात माणूस नाही, सगळं 'केलं जाईल', 'घेतलं जाईल', 'पाहिलं जाईल'. तो राग रास्त आहे. औषध मात्र सरसकट बंदी हे नाही.

पॅसिव्ह वापरला की जबाबदारी टाळल्यासारखं होतं का?

कधी कधी होतं. सगळ्यांत प्रसिद्ध नमुना म्हणजे 'मिस्टेक्स वेअर मेड'. चुका झाल्या, केल्या कोणी, ते विचारू नका. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट यांनी १८७६ मध्ये काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, पाठवलेल्या संदेशात 'मिस्टेक्स हॅव बीन मेड' असं लिहिलं. 'मी ते मान्य करतो' असंही जोडलं, आणि लगेच दोष मदतनिसांच्या निवडीकडे वळवला. पुढे राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रीगन यांनी १९८७ च्या भाषणात इराणला गुपचूप शस्त्रं विकल्याच्या प्रकरणाबद्दल 'सीरियस मिस्टेक्स वेअर मेड' म्हटलं. त्याच भाषणात त्यांनी 'आय' वापरून पूर्ण जबाबदारी घेतल्याचंही सांगितलं होतं. पण लोकांच्या लक्षात राहिला तो पॅसिव्ह.

तरीही लपवालपवीचं खापर एकट्या पॅसिव्हवर फोडू नका. 'ॲन एरर ऑकर्ड', 'देअर वॉज अ डिले', 'द डेटा डिसॲपिअर्ड' ही तिन्ही वाक्यं ॲक्टिव्ह आहेत आणि तिन्हींत गुन्हेगार फरार आहे. उलट 'द डेटा वॉज डिलीटेड बाय अवर टीम' हा पॅसिव्ह असूनही सरळ बोट दाखवतो. पाहायचं ते कर्ता सांगितलाय की नाही. व्हॉइस कोणता, हा नंतरचा प्रश्न.

ऑफिसच्या ईमेलमध्ये काय करावं?

माझं मत ठाम आहे: स्वतःची चूक सांगताना ॲक्टिव्ह, दुसऱ्याची चूक सांगताना पॅसिव्ह.

'द राँग फाइल वॉज सेंट टू यू' असं चूक करणाऱ्यानेच लिहिलं की वाचणाऱ्याला चिडायला आणखी एक कारण मिळतं. 'आय सेंट यू द राँग फाइल. हिअर इज द राइट वन.' विषय मिटला. याउलट समोरच्याने पैसे भरले नसतील तर 'यू हॅव नॉट पेड द इनव्हॉइस' हे बोट रोखून बोलल्यासारखं होतं. 'द इनव्हॉइस हॅज नॉट बीन पेड' यात तीच माहिती आहे आणि त्याला सावरायला जागाही आहे.

नकार कळवताना लोक पॅसिव्हच्या मागे लपतात: 'युअर ॲप्लिकेशन हॅज बीन रिजेक्टेड'. त्याऐवजी 'वुई आर अनेबल टू ऑफर यू द पोझिशन' हे जास्त माणुसकीचं वाटतं, कारण नकार देणारं कोणीतरी समोर उभं राहतं.

आणि 'इट इज टू इन्फॉर्म यू दॅट', 'इट इज इन्फॉर्म्ड दॅट' हे कायमचे काढून टाका. 'इन्फॉर्म'ला माणूस लागतो. माणसाला कळवतात, गोष्ट 'कळवली जात' नाही. 'द ऑफिस विल बी क्लोज्ड ऑन फ्रायडे' असं थेट लिहा. 'यू आर रिक्वेस्टेड टू' व्याकरणाने बरोबर आहे, पण साधं 'प्लीज' तेच काम करतं. कामं वाटताना तर पॅसिव्ह नकोच. 'द स्लाइड्स विल बी प्रिपेअर्ड बाय मंडे' असं मीटिंगच्या टिपणात लिहिलं की सोमवारी स्लाइड्स तयार नसतात, कारण त्या कोणाच्याच नव्हत्या.

शोधनिबंधात पॅसिव्ह सक्तीचा आहे ना?

नाही, आता बहुतेक ठिकाणी नाही. प्रयोगाच्या पद्धतीचं वर्णन पॅसिव्हमध्ये करण्याची रीत जुनी आहे आणि तिला कारण आहे: 'द सॅम्पल्स वेअर हीटेड टू ६० डिग्रीज' यात नमुना महत्त्वाचा, तापवणारा हात कोणाचाही चालेल. पण 'नेचर'सारख्या नियतकालिकांच्या सूचनांमध्येच ॲक्टिव्हला पसंती दिलेली आहे. वॉटसन आणि क्रिक यांचा डीएनएच्या रचनेवरचा १९५३ चा निबंध सुरूच होतो 'वुई विश टू सजेस्ट' असा.

व्यवहारात असं करा: पद्धतीच्या भागात पॅसिव्ह बिनधास्त वापरा, पण निर्णय आणि दावे 'वुई'ने करा. 'इट वॉज डिसायडेड टू एक्सक्लूड थ्री सॅम्पल्स' वाचलं की परीक्षकाच्या मनात लगेच येतं: कोणी ठरवलं, का ठरवलं? मार्गदर्शकांचा किंवा विद्यापीठाचा वेगळा नियम असेल तर तो पाळा. त्यासाठी भांडण्यात अर्थ नाही.

इथे एक सापळा आहे. 'यूजिंग अ मायक्रोस्कोप, द सेल्स वेअर काउंटेड.' म्हणजे सूक्ष्मदर्शक हातात घेऊन पेशींनीच मोजणी केली? सुरुवातीचं '-इंग' पुढच्या कर्त्याला चिकटतं. 'यूजिंग अ मायक्रोस्कोप, वुई काउंटेड द सेल्स' किंवा 'द सेल्स वेअर काउंटेड अंडर अ मायक्रोस्कोप' असं लिहा.

सूचना आणि करार लिहिताना?

सूचनांमध्ये थेट आज्ञार्थ: 'क्लोज द लिड'. 'द लिड शुड बी क्लोज्ड' वाचून झाकण बंद असायला हवं एवढंच कळतं, ते मी बंद करायचं की आधीच बंद असतं हे नाही. करारात तर हे महागात पडतं. 'नोटीस शॅल बी गिव्हन विदिन थर्टी डेज' यात नोटीस कोणी द्यायची? वाद याच रिकाम्या जागेत उभा राहतो.

सॉफ्टवेअर प्रत्येक पॅसिव्हखाली रेघ मारतं. सगळे बदलू का?

रेघ म्हणजे 'इथे एकदा बघा' इतकंच. बघताना कर्ता कोण आणि वाक्य कोणाबद्दल आहे हे दोन प्रश्न विचारा, उत्तर पटलं तर रेघेकडे दुर्लक्ष करा. काही साधनं पॅसिव्ह वाक्यांची टक्केवारीही दाखवतात. अमुक टक्के चांगले आणि तमुक वाईट असा आकडा मी कोणालाही सांगणार नाही. प्रयोगाच्या अहवालाचं आणि माफीच्या पत्राचं गणित एक असूच शकत नाही.

कोणत्या क्रियापदांचा पॅसिव्ह होत नाही?

ज्यांना कर्म नाही त्यांचा: हॅपन, ऑकर, अराइव्ह, डाय, एग्झिस्ट, डिसॲपिअर. शिवाय कर्म असूनही काही क्रियापदं तयार होत नाहीत: हॅव, लॅक, रिझेम्बल, आणि मापात बसण्याच्या अर्थाने फिट. 'अ कार इज हॅड बाय मी' कोणी म्हणत नाही.

उलट काही पॅसिव्हमध्येच जगतात. 'ही इज रूमर्ड टू बी लीव्हिंग' चालतं, पण त्याचा ॲक्टिव्ह आजच्या इंग्रजीत नाही.

एका वाक्यात दोन पॅसिव्ह चालतात का?

'अँड'ने जोडलेले चालतात. एकावर एक रचलेले सगळेच चालत नाहीत. 'द ब्रिज इज होप्ड टू बी कम्प्लीटेड बाय जून' हे मोडकं वाक्य आहे. पूल कोणाकडून 'आशिला' जात नाही. 'वुई होप टू कम्प्लीट द ब्रिज बाय जून'.

'गेट' वापरून केलेला पॅसिव्ह?

'ही गॉट फायर्ड', 'माय बॅग गॉट स्टोलन' ही बोलण्यातली रूपं. मित्राला लिहिताना छान, अहवालात 'वॉज' घ्या.

परीक्षेत 'चेंज द व्हॉइस' आलं तर हे सगळं विसरायचं?

तेवढ्यापुरतं हो. तिथे रूप बदलता येतं का एवढंच तपासतात, म्हणून काळ सांभाळा आणि 'बाय' मागितला असेल तर द्या. 'शी इज रायटिंग अ लेटर'चं 'अ लेटर इज बीइंग रिटन बाय हर' असं लिहा आणि गुण घ्या. गंमत म्हणजे हे 'इज बीइंग रिटन' रूप इंग्रजीत तसं नवं आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस ते दिसायला लागलं आणि एकोणिसाव्या शतकातले व्याकरणकार त्यावर तुटून पडले होते. त्यांच्या मते 'द हाउस इज बिल्डिंग' हेच शुद्ध.